रामाजीबाबूंना उचलायचं कसं

रामाजीबाबूंनी पाणी पिणं सोडलं, आणि घरात कुणाला पत्ता नाही.

पत्ता लागणार तरी कसा? द्वारकाबाई सकाळी तांब्या भरून नवऱ्याच्या खाटेजवळ ठेवायच्या आणि दुपारी रिकामा उचलायच्या. तांब्या रिकामा, म्हणजे पाणी पोटात गेलं, एवढा साधा विचार. पण त्या मे महिन्यात, तेलंगणातल्या जैनथकडच्या त्या उन्हात जिथं कुत्रंही सावली सोडायला राजी नसतं, रामाजीबाबूंच्या खिडकीखालची सदाफुली मात्र नव्या नवरीवानी नटून उभी राहिली. त्यांची एकुलती एक लेक प्रतिभा, हिला आधी कौतुकच वाटलं. मग एका सकाळी ती अंगणात कपडे वाळू घालत असताना खिडकीच्या गजांतून एक डावा हात बाहेर आला. हातात पेला. पेला वाकडा झाला आणि पाणी गेलं सदाफुलीच्या बुडाशी.

घ्या! म्हातारा झाड जगवत होता आणि स्वतः वाळत होता.

प्रतिभा तशीच ओल्या हातांनी आत गेली. "बाबा, हे काय करून राह्यले तुमी?"

रामाजीबाबूंनी भिंतीकडे तोंड केलं. "मले तहान नसते."

"भायेर अंगार पडून राह्यला, अन् तुमाले तहान नसते?"

"नसते म्हटलं ना. आता दरखास्त लिहून देऊ काय?"

बाबा पाणी का पीत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रामाजीबाबू म्हणजे तहसील कचेरीतले कारकून. मिसली आणि पहाण्यांत, म्हणजे फायली आणि जमिनीच्या उताऱ्यांत आयुष्य गेलं. गावच्या बौद्ध वस्तीतून कचेरीतल्या खुर्चीवर जाऊन बसलेला पहिला माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि सगळ्या गावाच्या तोंडी 'बाबू'. रिटायर झाले तरी सकाळी उठून दाढी, पावडर, शर्ट. जायचं कुठं, तर ओसरीवर! असा माणूस भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना पडला. लकवा. उजवा हात आणि उजवा पाय लुळे झाले. जीव वाचला, जीभही वाचली, पण संडासाला जायचं तरी दुसऱ्याच्या हातानं.

प्रतिभा तेव्हा आदिलाबादला भाग्यलक्ष्मीच्या जिममध्ये बायकांची बॅच घ्यायची. शारीरिक शिक्षणाची पदवी होती, सरकारी नोकरीची वाट पाहून झाली होती, वाट काही संपेना. तेव्हा या भाग्यलक्ष्मीनंच तिला हाताशी धरलं. गाणं लावायचं आणि नाचता नाचता घाम काढायचा, असा तो प्रकार. गावात म्हणत, "रामाजीबाबूच्या पोरीले उड्या मारायचा पगार भेटते." प्रतिभा हसण्यावारी न्यायची. तासभर नाचलं तरी आपल्याला दम लागत नाही, म्हणजे आपण मजबूत, असा तिचा ठाम समज. समजाला काय लागतं? तोही फुकटच असतो.

दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात तो समज फरशीवर आपटला. द्वारकाबाई शेजारी गेल्या होत्या. बाबांना संडासाला जायचं होतं. प्रतिभानं वाकून त्यांच्या दोन्ही काखांत हात घातले आणि ओढलं. तिच्या कमरेत सणक गेली, हात सुटले, आणि बाप-लेक दोघंही खाली. लुंगी ओली झाली. रामाजीबाबूंना लागलं नाही फारसं, पण ते जसे पडले तसेच पडून राहिले, वर छताकडे बघत. द्वारकाबाई धावत आल्या तेव्हा एवढंच म्हणाले, "पोरीले भायेर पाठव."

दुसऱ्या दिवसापासून पाणी बंद. प्यायचंच नाही, म्हणजे जायला नको. जायला नको, म्हणजे लेकीसमोर तसं पडायला नको. सदाफुलीमुळे हे सगळं उघडं पडलं, आणि उघडं पडेस्तोवर ताप चढला होता. आदिलाबादच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लघवीत जंतू झालेत, पाणी भरपूर पाजा, नाहीतर मूत्रपिंडं हातची जातील. आणि जमलं तर उचल-ठेव करायला एखादा माणूस ठेवा.

"परका हात मले लावू देनार नाई," रामाजीबाबू म्हणाले. विषय संपला.

म्हणजे पाण्याचं दुखणं पाण्याचं नव्हतंच. रामाजीबाबूंना उचलायचं कसं, आणि तेही त्यांची मान खाली न जाऊ देता, हा खरा प्रश्न होता. द्वारकाबाईंची कंबर जन्मभर कापूस वेचून आधीच गेलेली. उरली कोण? जिनं पाडलं ती.

प्रतिभा जिमच्या सामानाच्या खोलीत बसून रडली. भाग्यलक्ष्मीनं तिला रडू दिलं, मग तेलुगूत म्हणाली, "तुझं नाचणं राहू दे आता. रविवारी बेल्लमपल्लीला जा. माझे मामा आहेत तिथं, लक्ष्मणराव. खाणीत अपघात झाला की माणसं बाहेर काढायच्या टोळीत होते. माणूस कसा उचलायचा ते त्यांना विचार."

देवमाणूसच म्हणायची ती भाग्यलक्ष्मी. एरवी जिमचा मालक आपली शिकवणारी दुसऱ्याकडे शिकायला पाठवतो कुठं?

बेल्लमपल्लीचा प्रवास म्हणजे घाट, धूळ आणि दोनदा बस बदलणं. कोळशाच्या खाणीतल्या कामगारांची क्वार्टर्स, त्यामागं पत्र्याची एक शेड, आणि शेडमध्ये लक्ष्मणराव. प्रतिभाच्या मनात कुणीतरी दणकट पहिलवान होता. समोर उभा राहिला तो काडीसारखा म्हातारा, बनियन घातलेला, कानात केस. त्याच्या पायाशी मात्र लोखंडी गोळे मांडलेले, प्रत्येकाला वर जाडजूड कडी. केटलबेल. प्रतिभानं ते फोनवर पाहिले होते, हात कधी लावला नव्हता. जवान असताना रेल्वेतल्या कुण्या पहिलवानानं ते लक्ष्मणरावांच्या हाती दिले, आणि ते त्यांच्याकडून सुटले नाहीत.

"काय उचलायचं आहे?" त्यांनी विचारलं.

"माझे बाबा," ती म्हणाली.

ते हसले नाहीत. खाली बसले, तिलाही बसवलं, आणि प्रश्नांमागून प्रश्न. कुठली बाजू गेली? चांगल्या पायावर भार घेतात का? खाट किती उंच? रागीट आहेत का? लाजाळू आहेत का? शेवटच्या प्रश्नाला प्रतिभाचे डोळे भरले. इतक्या दिवसांत बाबांचं वजन सगळ्यांनी विचारलं होतं, स्वभाव कुणी विचारला नव्हता.

मग शिकवणी सुरू झाली, आणि काय शिकवणी! त्या दिवशी गोळ्याला हात लावू दिला नाही. नुसतं उभं राहायचं आणि बूड मागं न्यायचं, पाठ सरळ ठेवून, जणू मागं दार आहे आणि ते बुडानं लोटायचं आहे. नाचणाऱ्या प्रतिभाला वाटलं, हे काय मोठं? दुसऱ्या दिवशी बस चढताना मांड्यांनी सांगितलं काय मोठं ते. पुढच्या रविवारी गोळा हाती आला. तिनं तो हातांनी खेचला, आणि लक्ष्मणराव ओरडले, "उचलू नको! जवळ घे आणि जमिनीला ढकल. तो आपोआप येतो."

लांब दांडीचं वजन आज्ञाधारक असतं, ते सांगत. जिथं धराल तिथं राहतं. या गोळ्याचं तसं नाही. त्याचा भार हाताखाली लोंबतो, आणि तुम्ही जरा चुकलात की तो आपल्या मनानं झुकतो. माणूसही तसाच झुकतो. बेशुद्ध असो, लुळा असो, कुठल्या बाजूला कलंडेल ते आधी सांगत नाही. म्हणून ज्याला माणूस उचलायचा आहे त्यानं आधी हा लहरी गोळा उचलायला शिकावं. "याला मनवता आलं, अम्मा, तर वडलांनाही मनवशील," असं म्हणून ते पुन्हा ओरडायला मोकळे.

फीचं नाव काढलं तर म्हातारा चिडायचा. मात्र एक अट होती. येताना द्वारकाबाईंच्या हातची ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी आणायची. भाकर पातळ निघाली त्या रविवारी शिकवणीही पातळ, असं प्रतिभा आजही हसत सांगते. आणि सांगता सांगता हात जोडते.

परतीच्या बसमध्ये ती डोळे मिटून बसायची आणि बाबांना मनातल्या मनात उचलायची. खाटेवर कुशीला वळवणं. पाय खाली सोडून बसवणं. उभं करणं. वळून खुर्चीत ठेवणं. एकेका तुकड्यात आपल्या अंगाला काय करावं लागतं ते शोधायचं, त्या कामासाठी गोळ्याची एक हालचाल ठरवायची, आणि आठवडाभर तीच घासायची. घरी गोळे नव्हते तर जोंधळ्याची पिशवी घेऊन घासायची. तिच्या हातून बांधला गेलेला हा पहिला व्यायाम. तो नाचायच्या बॅचसाठी नव्हता, एका माणसासाठी होता.

आणि त्यात एक गोष्ट तिला स्वतःहून सुचली. बाबा पोतं नाहीत. पोत्याला उचलतात तसं उचललं म्हणून तर ते मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनाही काम पाहिजे. मग तिनं त्यांचाही व्यायाम बांधला. डाव्या पायानं तिच्या तळहाताला ढकलायचं, डाव्या हातानं खाटेची कड धरायची, पडल्या पडल्या कंबर वर घ्यायची. रामाजीबाबू कुरकुरले, पण कचेरीत जन्म गेलेला माणूस. काम सोपवलं की निमूट करायचा.

"बाबा, मी आपल्या मनानं नाई उचलनार," ती एके दिवशी म्हणाली. "तुमी हुकूम द्यान तवाच."

रामाजीबाबूंच्या कमरेला तिनं सुती पट्टा बांधला, आपले गुडघे त्यांच्या गुडघ्यांना टेकवले, बूड मागं नेलं, आणि थांबली. द्वारकाबाईंनी पदर तोंडात धरला.

"मंजूर," रामाजीबाबू म्हणाले.

आणि ते उभे राहिले. खरंच उभे राहिले, लेकीच्या खांद्यावर डावा हात ठेवून, तिच्याहून बोटभर उंच, जसे पूर्वी होते तसे. प्रतिभानं जमिनीला ढकललं होतं, आणि बाप आला होता. ती हसत होती आणि नाकातून पाणी वाहत होतं. द्वारकाबाई म्हणाल्या, "आता खुर्चीत बसव माय, का फोटो काढतेस?" त्या संध्याकाळी रामाजीबाबूंनी आपणहून पाणी मागितलं.

पण थांबा. अर्धंच काम झालं होतं.

रामाजीबाबू पाणी प्यायला लागले ते प्रतिभा घरी असली की. ती ऑटोत बसून आदिलाबादला निघाली की तांब्याला हात नाही. "तू आल्यावर पिईन," हे ठरलेलं. तिनं संध्याकाळची बॅच सोडली; भाग्यलक्ष्मीनं चकार शब्द काढला नाही. सकाळची बॅच घेऊन ती जीव मुठीत धरून परत यायची. ऑटो पंक्चर झाला तरी तिला धडकी भरायची. पायात बेडी पडली ती पडलीच. बाबांना ते कळत नव्हतं असंही नाही, पण लाज ही शहाण्या माणसाचं काय ऐकते?

दसऱ्याच्या आसपास लक्ष्मणरावांनी आपले काही गोळे तिच्या हवाली केले. "माझ्या शेडमध्ये गंजून राहिलेत, तुझ्या अंगणात घामानं चमकू दे," म्हणाले. बसच्या पार्सलमधून ते जैनथला आले, तिथून ऑटोत घालून गावात. आणि गावात बोभाटा झाला: रामाजीबाबूची पोरगी कापूस घ्यायला लागली!

हसू नका. कापसाच्या मुलखात दसऱ्याला घरात कडीचे लोखंडी गोळे आले, म्हणजे दुसरं काय समजायचं? व्यापारी गावोगाव काटा लावून कापूस घेतात, त्यांचीच ही वजनं. एकानं गोळा उलटापालटा करून सरकारी शिक्का शोधला आणि नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्यानं सल्ला दिला की काटा खरा ठेव, बाबूचं नाव घालवू नको. आणि सगळ्यांच्या आधी भाव विचारायला आली कौशल्याबाई.

कौशल्याबाई म्हणजे चंपतराव पाटलांची बायको. अंगानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. तिच्या सासऱ्याच्या वावरात रामाजीबाबूंची माय रोजानं जायची, आणि तहान लागली की ओंजळ पुढं करून वरून पडेल ते पाणी प्यायची. ते दिवस गेले, पण पाटलाघरचं पाऊल बौद्ध वस्तीत पडायचं ते निवडणुकीतच. रामाजीबाबू खाटेवर अदबीनं सरकले. "या पाटलीनबाई," म्हणाले. तोंडावर कचेरीतलं हसू.

"भाव काय देशील वं पोरी?" कौशल्याबाईनं उभ्या उभ्याच विचारलं.

प्रतिभानं कपाळाला हात लावला. "मावशी, हे कापसाचं नाई. हे उचलाचं असते."

"कायले?"

"ताकद याले."

कौशल्याबाईनं एक गोळा कडीनं धरला आणि सवयीनं कमरेवर घेतला, पाण्याच्या घागरीसारखा. "हे तं उचललं. आली का ताकद?" प्रतिभा पोट धरून हसली. कौशल्याबाई रागावली नाही. तिचा खांदा वर्षभर दुखत होता आणि दुखणाऱ्या माणसाला उत्सुकता असतेच. दुसऱ्या दिवशी ती आली, तिसऱ्या दिवशी वस्तीतल्याच मालनबाईला घेऊन आली. मालनबाईनं तर डोक्यावर घ्यायला चुंबळ मागितली. बयनाबाई आली, आणखी चौघी-पाचजणी आल्या. संध्याकाळी रामाजीबाबूंच्या अंगणात बायांचा मेळा. गावानं गोळ्यांचं नाव ठेवलं कडीगोळा.

पहिला महिना प्रतिभा सपशेल चुकली. फोनवर पाहिलेला शहरी जिमचा तक्ता तिनं जसाच्या तसा अंगणात आणला: गोळा पायांमधून मागं न्यायचा, झटक्यानं पुढं आणायचा, पुन्हा वाका, पुन्हा उठा. दिवस कापसाच्या वेचणीचे. बाया पहाटेपासून वाकलेल्या. बयनाबाई यायची बंद झाली, मग आणखी एक.

"अवं, दिवसभर वाकून वाकून आमच्या पाठीचा ढोल झाला," कौशल्याबाईनं एके दिवशी तोंडावर सुनावलं, "अन् तू आमाले अजून वाकवतेस? तुले काई मायादया?"

प्रतिभानं कान धरले. लक्ष्मणरावांनी बाबांची खाट किती उंच ते आधी विचारलं होतं, आणि आपण या बायांना दिवसभर काय करून आलात एवढंही विचारलं नाही! मग तिनं व्यायाम पिकाच्या हंगामावर बांधला. वेचणीत वाकणं बंद. गोळा एका हातात लटकवून ताठ चालायचं, डोक्यावर हात सरळ करून धरायचा, जमिनीवर निजून गोळा सांभाळत उठायचं. झटक्याचे प्रकार उन्हाळ्यासाठी राखून ठेवले, वावरं रिकामी झाल्यावर. आणि वेळ संपल्याची फोनवरची घंटीही बंद केली. घंटीमुळे मागं पडणारीला लाज वाटायची. त्याऐवजी तिनं पात आणली. निंदणाला प्रत्येक बाईची आपली पात असते, पिकाच्या ओळींचा आपला वाटा. कुणी मागं राहिली तर पुढच्या बाया आपली पात संपवून तिच्या पातीत समोरून शिरतात, आणि सगळ्या संगतीनं धुऱ्यावर, वावराच्या बांधावर पोचतात. अंगणातही तसंच. जिचं आटोपलं तिनं मागच्या बाईचं उरलेलं काम वाटून घ्यायचं. बयनाबाई परत आली. तिचं उरलेलं करताना बाकीच्या एवढ्या ओरडायच्या की रस्त्यावरची गुरं बिचकायची.

शेवटचा खेळ असायचा माणूस उचलायचा. घरोघरी म्हातारं माणूस आहे, आज ना उद्या लागणारच, म्हणून प्रतिभानं तो ठेवला होता. कमरेला पट्टा, गुडघ्याला गुडघा, बूड मागं. मालनबाई वस्तीतली सगळ्यात वजनदार, म्हणून ती कायमची पेशंट. बाया हसून हसून लोळायच्या. कौशल्याबाई मात्र मालनबाईला अशी अलगद उठवायची की मालनबाई म्हणायची, "मले तं झोप आली वं."

रामाजीबाबू ओसरीवर खुर्चीत बसून हे सगळं बघायचे, इस्त्रीच्या शर्टात. आधी पेपर तोंडासमोर धरून, मग पेपर मांडीवर ठेवून, मग पेपरच नाही. पुढं पुढं तर बोलायलाही लागले. "पाटलीनबाई, डावा पाय मांगं राह्यला तुमचा." कौशल्याबाई पाय सुधारायची. तहान लागली की ती कुणाला न सांगता घरात जायची, त्यांच्या माठातून पाणी घ्यायची आणि ओसरीवर उभी राहून गटागटा प्यायची. रामाजीबाबू तेही बघायचे. त्यावर मात्र काही बोलायचे नाहीत. आणि प्रतिभानं एकदा "कवा नड पडली तं कौशल्यामावशीले बलावू" असं सुचवलं, तेव्हा त्यांनी तोंड फिरवून घेतलं होतं.

होळीनंतर नेरडीगोंड्याहून बोलावणं आलं. तिथल्या मुलींच्या वसतिगृहात एक दिवस शिकवायचं. प्रतिभाच्या आयुष्यातलं असं पहिलं बोलावणं. ती नाहीच म्हणणार होती. द्वारकाबाईंनी बळेच पाठवलं. दुपारच्या आत परत येते, असं बाबांना सांगून ती पहाटे निघाली. "तू आल्यावर पिईन," बाबा म्हणाले.

मुलींनी तिला लवकर सोडलं नाही, आणि सुटली तर पुढं हायवेवर लॉरी आडवी झालेली. बस जागच्या जागी. दुपार टळली, ऊन उतरायला लागलं, मागं-पुढं गाड्यांची रांग. बाबा सकाळपासून कोरडे असणार. पुन्हा ताप, पुन्हा दवाखाना; डॉक्टरांनी काय बजावलं होतं ते तिच्या कानात घणघणत होतं. मायचा फोन लागेना. कशाला आलो आपण, कोण मोठी शिकवणारी लागून गेलो, असं स्वतःला शिव्या देत ती पुन्हा पुन्हा लावत राहिली.

शेवटी फोन उचलला गेला.

"हां, बोला." कचेरीतला आवाज.

"बाबा! माय कुठी हाये?"

"अंगनात. बाया आल्या ना, त्याइच्यात हाये."

"मी नाई तरी?"

"तू नाई तं काय झालं? करून राह्यल्या त्या."

"बाबा, पानी..."

"प्यालो."

तिला खरं वाटेना. "खरं सांगा बाबा. माह्या गळ्याची शपथ."

"अवं, प्यालो म्हनतो ना. पोटभर प्यालो. चहाबी प्यालो. मंग जावं लागलं, तं जाऊन आलो."

"मायनं एकटीनं नेलं? तिची कंबर..."

"तिच्यानं होते काय? कौशल्याबाईनं नेलं." मागं बायांचा गलका वाढला. मग रामाजीबाबू म्हणाले, "मीच हाक मारली. म्हटलं, मालनबाईले उचलते हे, मी काय तिच्याहून जड हावो?"

प्रतिभानं फोन कानाशी आणखी दाबला.

"तिनं पट्टा बांधला, बराबर तू बांधतेस तसा. पुसलं, 'भाऊ, झाली का तयारी?' नेलं, आनलं, बसवलं. मंग मी पानी मांगतलं तं तिनंच देल्लं." त्यांचा आवाज खाली आला. "माही माय पाह्यले पाहिजे होती, प्रतिभा."

"हाव, बाबा."

"आता तू काई घाई करू नको. अन् त्या पोरीइनं पुना बलावलं तं हो म्हनजो. माह्यासाठी थांबू नको."

फोन बंद झाला. प्रतिभानं डोकं समोरच्या सीटला टेकवलं आणि ती रडायला लागली. अशी रडली की बाजूच्या म्हातारीनं आपली पिशवी बाजूला सरकवली. तिच्या मनात एकाच वेळी सगळे येत होते, तो बनियनमधला चिडका म्हातारा, ती भाग्यलक्ष्मी, ती रुंद आवाजाची कौशल्याबाई, आणि आपल्या लाजेशी वर्षभर झुंजून आज हाक मारणारा आपला बाप. कुणाकुणाचे उपकार फेडायचे?

कंडक्टरबाई घाईनं जवळ आली. "काय झालं अम्मा? घरी काही वाईट झालं का?" तिनं तेलुगूत विचारलं.

"नाही, नाही," प्रतिभा तेलुगूतच म्हणाली, ओढणीनं तोंड पुसत. "माझे बाबा पाणी प्याले."

कंडक्टरबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं, आपली बाटली तिच्या हातात दिली आणि शेजारी बसली.